पाच वारांचा आठवडा

गुरुशांतने आपल्या मुलीला घरीच शिकवायचं ठरवलं, ते एका पेलाभर पाण्यावरून. मार्चमधली दुपार होती (सोलापूरचा मार्च म्हणजे इतर गावांचा मे). सहा वर्षांची अक्षता सीनियर केजीतून घरी आली, दप्तर टाकलं, माठापाशी गेली आणि बोट वर करून उभी राहिली.

"बाबा, पाणी पिऊ?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठासमोर पोर परवानगी मागत होती. गुरुशांतने स्वतःच पेला भरून तिच्या हातात दिला. वर्षभरापूर्वी हीच मुलगी प्रश्न विचारून विचारून त्याचं डोकं खायची. पाल भिंतीवर झोपली तर पडत का नाही, असलं काहीतरी विचारायची आणि उत्तर देता न आल्याने गुरुशांत अंघोळीला निघून जायचा. आता ती पालीकडे बघायची आणि गप्प बसायची. उत्तरं देता येत नसली तरी ते प्रश्न त्याला परत हवे होते.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. श्रीदेवी एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. दिवसभर लोकांचं रक्त काढून तिला एक सवय लागली होती: कुठल्याही गोष्टीचा रिपोर्ट वेळेत हवा.

"घरी शिकवायचं? कोण शिकवणार?"

"मी. दोन वाजेपर्यंत घरीच असतो की मी."

हे मात्र खरं होतं. नव्या पेठेतलं चादरी-टॉवेलचं दुकान दोघा भावांचं. सकाळी थोरला प्रभु बसायचा, दुपारी दोनपासून गुरुशांत. सकाळभर गुरुशांत घरात नेमकं काय करतो हे कोणालाच माहीत नव्हतं, त्याला स्वतःलाही.

"बरं," श्रीदेवी म्हणाली. "एप्रिल आणि मे तुमचे. मेअखेर अप्पा येऊन परीक्षा घेतील. पास झाली तर घरी. नाही तर जूनमध्ये शाळा, आणि मग काही बोलायचं नाही."

अप्पा म्हणजे श्रीदेवीचे वडील, मंगळवेढ्याचे चनबसप्पा. तीस वर्षं हेडमास्तर होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती, पण ही गोष्ट त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेली दिसत नव्हती. गुरुशांतने त्यांचं नाव ऐकलं आणि उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं.

आता अभ्यासक्रम निवडायचा होता. दुकानात गुरुशांतला एका प्रकारच्या गिऱ्हाइकाचा भयंकर राग येई. चाळीस चादरी उलगडायला लावायच्या, प्रत्येक चादर हातात चोळून बघायची आणि शेवटी "जरा फिरून येतो" म्हणून निघून जायचं. मोबाइल हातात घेतल्यावर आठ दिवसांत तो स्वतःच तसलं गिऱ्हाईक झाला.

मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांच्या एका ग्रुपवर सांगितलं की सात वर्षांपर्यंत मुलाला अक्षर दाखवूच नका, नुसतं मातीत खेळू द्या. त्याने माती आणली. दुसऱ्या ग्रुपवर सांगितलं की सहा वर्षांच्या मुलाची शंभर पुस्तकं वाचून व्हायला हवीत, तुमचं मूल किती मागे आहे ते बघा. त्याने घाईघाईने माती झाकून ठेवली. तिसरे म्हणाले, सगळं लाकडी हवं. चौथे म्हणाले, अभ्यासक्रम वगैरे काही नसतं, मुलालाच विचारा. त्याने विचारलं.

"अक्षू, तुला काय शिकावंसं वाटतं?"

"लोणी कसं काढतात ते."

लोण्याचा अभ्यासक्रम कुठल्याच ग्रुपवर नव्हता. गुरुशांत आणखी गोंधळला. एका बाईंचा मुलगा म्हणे सातव्या वर्षी घरातली वायरिंग करत होता. ते वाचून गुरुशांतने घरातल्या सगळ्या बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या.

शेवटी त्याने सगळ्यातलं थोडं थोडं घेतलं आणि सात रकान्यांचं वेळापत्रक आखलं. सोमवारी अक्षरं, मंगळवारी आकडे, बुधवारी माती, गुरुवारी इंग्रजी, शुक्रवारी निसर्ग, शनिवारी मुलाची मर्जी आणि रविवारी उजळणी. तीन रंगांत प्रिंट काढून त्याने ते लॅमिनेट करून आणलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शिस्त म्हणजेच स्वातंत्र्य'. त्याचा अर्थ त्यालाही नीट कळला नव्हता, पण छापल्यावर चांगलं दिसत होतं.

पहिला सोमवार उजाडला. आठ वाजता गुरुशांत इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यासमोर उभा राहिला. आठ वाजून दहा मिनिटांनी गल्लीत हाक उठली, "पाणी आलं."

त्यांच्या भागात पाणी दर पाचव्या दिवशी यायचं. पाणी आल्यावर त्या गल्लीत कोणी मास्तर राहत नाही आणि कोणी विद्यार्थी राहत नाही. गुरुशांतची आई चंद्रव्वा पाइप घेऊन धावली, गुरुशांत ड्रम सरकवायला गेला आणि अक्षता एकेक कळशी मोजून लावत बसली. अक्षरं मंगळवारवर गेली. मंगळवारी घरभर धुणं निघालं, कारण आदल्या दिवशी पाणी आलं होतं. ज्या खोलीत फळा होता तिथं चादरी वाळत होत्या. मग अक्षरं बुधवारी आणि माती गुरुवारी. पण मातीत खेळल्यावर पोरीला धुवायला लागतं, आणि गुरुवारी पाणी जपून वापरायचं असतं. शनिवारी, म्हणजे मुलाच्या मर्जीच्या दिवशी, पुन्हा पाणी आलं. मुलाची मर्जी नळाखाली वाहून गेली.

दोन आठवड्यांत गुरुशांतला आज कुठला विषय आहे हे कळेना. लॅमिनेटवर पेन उमटत नाही म्हणून त्याने टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली म्हणजे पुढे ढकललेला तास, हिरवी म्हणजे मागून आलेला. श्रीदेवीने त्या कागदाकडे बघून विचारलं की घरात कोणाला कांजिण्या आल्यात का.

चंद्रव्वा हे सगळं भाकरी थापता थापता बघत होती. ती वळसंगची, अर्धं बोलणं मराठीत आणि अर्धं कन्नडमध्ये.

"साकु, पुरे की रे आता," ती म्हणाली. "वार बगून पाणी येत न्हाय बाबा. पाणी बगून वार काड की."

आईने हे पोराला गप्प बसवायला म्हटलं होतं. गुरुशांतला मात्र त्यात तत्त्वज्ञान दिसलं. त्याने त्याच दिवशी पाच रकान्यांचं नवं वेळापत्रक केलं आणि पुन्हा लॅमिनेट केलं. रकान्यांना नावं काय द्यायची असा प्रश्न आला, तेव्हा अक्षताने विचारलं, "आज घरात काय चाललंय?" आणि दिवसांना तीच नावं पडली.

गाडी थोडी रुळावर आली. अक्षता दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून पळत यायची, "बाबा, चला, शिकू" म्हणायची, थोडा वेळ बसायची आणि परत पळायची. एवढी गोडी असलेली विद्यार्थिनी कुठल्या मास्तरला मिळते, असं गुरुशांतला वाटे. आणि ती प्रश्न विचारायला लागली होती. भाकरी फुगते तेव्हा आत कोण असतं, मीठ ओलं का होतं, चादरीच्या दोन बाजूंपैकी कुठल्या बाजूची नक्षी आधी विणतात. त्याला एकाचंही उत्तर येत नव्हतं, पण तो इतका खूश होता की अंघोळीलाही जात नसे.

फक्त मेमध्ये चंद्रव्वाने वेळापत्रक भिंतीवरून काढून गच्चीवर नेलं आणि त्यावर सांडगे घातले.

"पलास्टिकला चिकटत न्हाईत," ती म्हणाली. "लई ब्येस कागद आणलास."

त्यामुळे आज काय शिकवायचं हे बघायला गुरुशांतला रोज उन्हात गच्चीवर जावं लागे, आणि निसर्गाच्या तासावर नेमका सांडगा असे.

मेच्या शेवटच्या रविवारी चनबसप्पा मंगळवेढ्याहून एसटीने आले. धोतर, टोपी, खिशाला लाल पेन. चहा झाला, सोबत तळलेले सांडगे झाले आणि ते कशावर वाळवले तेही चंद्रव्वाने सांगून टाकलं. त्यांनी खुर्ची भिंतीला लावली आणि अक्षताला समोर बसवलं. श्रीदेवी दारात उभी राहिली, चंद्रव्वा पीठ मळत बसली. गुरुशांत पंख्याखाली बसूनही घामाने भिजला. पोर आज चुकली तर पंधरा दिवसांत पुन्हा बोट वर करून उभी राहील, एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"बाळ, आठवड्याचे वार किती?"

गुरुशांतने सुटकेचा श्वास सोडला. सोपा होता.

"पाच," अक्षता म्हणाली.

चनबसप्पांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "नावं सांग."

"पाणी, धुणं, मधला, जपून आणि संपलं."

श्रीदेवीने नवऱ्याकडे बघितलं. गुरुशांतने जमिनीकडे बघितलं. वेळापत्रक करताना वारांची खरी नावं शिकवायची राहूनच गेली, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा आठवलं.

"आणि सोमवार?" चनबसप्पांनी विचारलं.

"तो देवाचा की, आजोबा. देवाचे सात आणि बाबांचे पाच. सोमवारी आज्जी सिद्धेश्वराला जाते, मंगळवारी बाजार, बुधवारी उसळ, गुरुवारी आईला लवकर जायचं असतं, शुक्रवारी केस धुवायचे, शनिवारी मारुतीला तेल आणि रविवारी बाबा दाढी करत नाहीत."

गुरुशांतने नकळत हनुवटीवरून हात फिरवला. चनबसप्पा खुर्चीत थोडे पुढे सरकले.

"आज बाबांचा कुठला वार?"

"संपलं."

"मग पाणी किती राहिलंय?"

"सकाळी ड्रममध्ये बारा बादल्या होत्या. भांड्यांना दोन गेल्या, अंघोळीला पाच आणि झाडांना अर्धी. साडेचार राहिल्या. पण आज्जी चारच सांगते. अर्धी लपवून ठेवते, पाव्हणं आलं तर म्हणून. तुम्ही हात धुतले ना, ती तीच."

चंद्रव्वाने पदराने तोंड झाकलं. चनबसप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला, बोटांवर पुन्हा केला आणि मान हलवली. मग त्यांनी तिला पिठाच्या डब्यावरचं वाचायला लावलं, वर्तमानपत्रावरचं वाचायला लावलं, चौदा भाकऱ्या पाच माणसांत वाटायला लावल्या. "दोन दोन सगळ्यांना आणि उरलेल्या चार गाईला, बाबांना जास्त देऊ नको म्हणते आई," असं तिचं उत्तर आलं. शेवटी तिनेच त्यांना विचारलं की आजोबा, तुमची टोपी रात्री कुठे झोपते. चनबसप्पा हसले. ते हसतात हे गुरुशांतला लग्नाला आठ वर्षं होऊन माहीत नव्हतं.

"पोरगी पास," त्यांनी निकाल दिला. "हिला शाळेत घालायची गरज न्हाय. घरीच शिकू दे."

गुरुशांतचा ऊर भरून आला. तो पाया पडायला वाकला.

"थांबा गुरुशांतराव. पोरगी पास झाली, मास्तर नापास हाय. मी चौकशी केली. मोजायला आज्जीनं शिकवलं. वाचायला पण तिनंच, डबे दाखवून दाखवून. तुमी काय शिकवलं?"

गुरुशांतने खूप आठवून बघितलं. "वेळापत्रक," तो म्हणाला.

"ते आत्ताच खाल्लं की आमी, सांडग्याबरोबर," चनबसप्पा म्हणाले. "अशा मास्तरची आमी बदली करत होतो. सकाळी प्रभुरावांना विश्रांती द्या. उद्यापासून साडेनऊला नव्या पेठेत हजर व्हायचं."

"मामा, पण मी बाप आहे तिचा."

"म्हणून तर गावातल्या गावात केली. दुसऱ्या कुणाला मी लई लांब टाकलं असतं."

श्रीदेवीचं समाधान झालं. रिपोर्ट वेळेत आला होता. गुरुशांतला आनंद व्हायला हवा की वाईट वाटायला हवं तेच कळेना. पोरगी घरी राहणार होती, आणि तो नाही. त्याचा चेहरा बघून श्रीदेवीलाही थोडी दया आली. तिने अक्षताला जवळ घेतलं.

"अक्षू, उद्यापासून बाबा सकाळीच दुकानात जाणार. तुला शिकवायला ते नसतील. वाईट नाही ना वाटणार?"

अक्षता गोंधळून एकदा आईकडे आणि एकदा बाबांकडे बघत राहिली.

"बाबा शिकवत होते?"

"मग तुला काय वाटलं?"

"आज्जीच सांगायची की रोज. माज्या भाकऱ्या हुईपर्यंत जा, जरा बाबाला खेळव."