सुरवंट बरा का भुंगा?

आमच्या खासबागेच्या विणकर वस्तीत माणूस भेटला की "जेवण झालं का" असं विचारतात. समोरचे मल्लाप्पाअण्णा विचारतात, "सर, सुरवंट बरा का भुंगा?" पहिल्यांदा मला वाटलं, निवडणुकीची चिन्हं असावीत. "दोघंही एकाच माळेचे मणी," म्हणून मी सटकायला लागलो, तर त्यांनी हाताला धरून मला कट्ट्यावर बसवलं.

अण्णा यंत्रमागावर साड्या विणतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढाच माझा गुन्हा. त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं, की उत्तर ध्रुवाकडचा एक केसाळ सुरवंट हिवाळ्यात दगडासारखा गोठतो आणि ऊन तापलं की पुन्हा चालू लागतो. तिकडचाच एक लाल भुंगा झाडाच्या सालीखाली बसतो, अंगातलं पाणी कमी करतो आणि गोठतच नाही.

"सुरवंट लई सोशीक," अण्णा सोमवारी म्हणायचे. मंगळवारी, "न्हाय सर, भुंगाच हुशार." बुधवारी मी भुंग्याच्या बाजूनं बोललो, तर "आन् सुरवंटानं काय घोडं मारलंय?" म्हणून माझ्यावरच घसरले. माझं डोकं पार गरगरलं. त्यांची मुलगी शोभा यंदाच नर्स म्हणून कॅनडाला गेलेली. तिची चौकशी केली, तर "बरं हाय म्हणती" एवढंच सांगून ते पुन्हा किड्यांवर यायचे.

गेल्या रविवारी त्यांच्या घरातून त्यांच्या बायकोचा, आक्कांचा, आरडाओरडा ऐकू आला. फ्रीजरमध्ये, ओल्या खोबऱ्याशेजारी, डबीत शेवग्यावरचा सुरवंट निघाला होता. अण्णांनीच तो आदल्या दिवशी ठेवलेला. डबी घेऊन ते माझ्या पायरीवर उन्हात येऊन बसले. तास गेला, दोन तास गेले. सुरवंट काही हलेना.

"अण्णा, तो मेलाय," मी म्हटलं. "गोठून उठणारी जात तिकडची. हा आपल्या शेवग्यावरचा. त्याला कसं जमेल?"

"व्हय की," अण्णा म्हणाले. डबीचं झाकण त्यांनी दोनदा लावलं, दोनदा काढलं. "शोभी आधी फोनवर तासभर बोलायची. आता 'बरं हाय' म्हणती आन् ठेवती. मी म्हटलं, गोठली आसंल थंडीनं. ऊन पडलं की बोलंल."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"पर आमची पोरगीबी हितलीच की, सर."