कपाटातली अस्सल किंकाळी

“संध्याकाळपर्यंत अशी किंकाळी आणून देतो, की लोक थिएटरातून चपला टाकून पळतील!” असं म्हणून आवाजरावांनी दिग्दर्शकासमोर छाती ठोकली. ठोकली ती जरा जोरातच, कारण नंतर बराच वेळ ते खोकत होते.

आवाजराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता बायकोशिवाय कुणाच्या लक्षातही नाही. सिनेमाला मागाहून आवाज घालायचे, हे त्यांचं काम. त्यातही भयपटांचे! मोडणारी मान म्हणजे गाजर, सोललं जाणारं कातडं म्हणजे ओला टॉवेल, आणि भुताची पावलं म्हणजे वाळूच्या परातीत थपथपणाऱ्या त्यांच्याच जुन्या चपला. “भीती दिसत नसते हो, ऐकू येत असते,” ते भेटेल त्याला सांगत. “डोळे मिटता येतात. कान मिटून दाखवा!”

पण या खेपेला घोडं अडलं होतं नायिकेच्या किंकाळीवर. एकीने किंकाळी फोडली ती पाल पाहिल्यासारखी, दुसरीने फोडली ती मैत्रीण भेटल्यासारखी. दिग्दर्शक वैतागला. “मला अस्सल किंकाळी पाहिजे. आज संध्याकाळपर्यंत मिळाली तर ठीक, नाहीतर सगळा सिनेमा समोरच्या स्टुडिओतल्या भोंग्याकडे!” हा भोंगा म्हणजे आवाजरावांचा हाडवैरी. तो कॉम्प्युटरमधून तयार आवाज उचलून चिकटवायचा, आणि त्याच्या सिनेमात दारही करकरायचं ते म्हशीसारखं. अशा माणसाकडे काम जायचं? त्यापेक्षा आवाजरावांनी वाळू तुडवायचंच कायमचं सोडलं असतं.

आता अस्सल किंकाळी हवी, तर अस्सल घाबरणारं माणूस हवं. आणि खरी पंचाईत इथेच होती! आवाजरावांच्या घरात कुणी घाबरतच नसे. इतक्या वर्षांत घरच्यांनी जेवता जेवता इतक्या माना मोडलेल्या ऐकल्या होत्या, की शेजारचे दचकले तरी यांचा घास थांबत नसे. स्वयंपाकघरात आवाजराव पातेल्यात तोंड घालून प्रेतासारखे घरघरत असले, तर बायको फक्त एवढंच विचारी, “तुमचं मरून झालं असेल तर पातेलं देता का?”

राहता राहिली आत्या. आवाजरावांची ही म्हातारी आत्या भयपटांची भलतीच शौकीन. रोज दुपारी मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन ती एक सिनेमा संपवायची. “भूत दिसलं की मजा गेली,” ती म्हणे. “मग मला त्याचीच दया येते. एवढं थापलेलं तोंड घेऊन उन्हातान्हात काम करायचं! त्यापेक्षा नुसतं दार उघडतं आणि मागे कुणीच नसतं ना, तो सिनेमा चांगला.”

बस्स! आवाजरावांना युक्ती सुचली. आतल्या खोलीतल्या जुन्या लाकडी कपाटात आत्याची शाल असे, आणि चार वाजले की ती शाल काढायला आत्या यायचीच. कपाटात दडून बसायचं, दार उघडलं की अंगावर झेप घ्यायची, आणि खिशातला रेकॉर्डर चालू! आत्याचं हृदय ठणठणीत आहे, हे त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारूनही घेतलं. माणूस तसा जबाबदार.

“स्टुडिओत जातो गं!” असं बायकोला ओरडून सांगत त्यांनी दार आपटलं, आणि मागल्या दाराने चोरपावलांनी आत येऊन कपाट गाठलं. उघडून पाहतात तर काय, कपाट रिकामं! आवाजरावांना वाटलं, नशीब असावं तर असं. ऐसपैस मांडी घालून बसले.

कपाट रिकामं का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो पडायला हवा होता. गेला आठवडाभर बायको सांगत होती, की हे कपाट सुताराला देऊन टाकतेय, गुरुवारी दुपारी त्याची माणसं येतील. दर वेळी आवाजराव कानाला हेडफोन लावून बसलेले असत आणि दर वेळी मान डोलवून “हो हो, छान” म्हणत. आणि आज गुरुवार होता.

थोड्या वेळाने पावलं वाजली. आवाजरावांनी रेकॉर्डर सुरू केला आणि श्वास रोखला. आता आत्या दार उघडणार! पण दार उघडण्याऐवजी बाहेरून कडी लागली. मग कपाटाभोवती सर्र सर्र दोर फिरला. आणि मग कपाट चक्क आडवं झालं, नि आवाजरावांची मांडी त्यांच्या डोक्याच्या वर गेली.

“बाई, लईच जड आहे हो!” एक हमाल म्हणाला.

“जुनं लाकूड आहे,” बायको अभिमानाने म्हणाली.

“अगं ए! मी आहे आत! उघड!” आवाजरावांनी बोंब ठोकली.

धाडकन कपाट खाली! दोन्ही हमाल भिंतीला चिकटले.

“घाबरू नका,” बायको शांतपणे म्हणाली. “आमच्याकडे हे रोजचंच आहे. हे आपलं आवाजाचं यंत्र विसरले असतील कपाटात. तुमच्या मालकांना सांगा, सापडलं की तेवढं परत पाठवा.”

“यंत्र नाही, मी! वाचवा! गुदमरतोय!”

“आज आवाज जरा कृत्रिमच काढलाय,” दारातून आत्याचा आवाज आला. “गुदमरणारा माणूस इतकं स्वच्छ बोलतो होय? दहापैकी तीन.”

आवाजरावांनी दोन्ही मुठींनी फळ्या बडवल्या.

“हां, हे बरं आहे. पाच,” आत्या म्हणाली.

आता मात्र आवाजरावांचं धाबं दणाणलं. आपण यंत्र नाही, नवरा आहोत, हे पटवायचं कसं? फक्त नवऱ्यालाच माहीत असेल असं काहीतरी सांगायला हवं! घाईत माणसाला भलतंच आठवतं.

“अगं, तुझी ती निळी फुलदाणी मांजराने नाही फोडली! मी फोडली! कवटी फुटल्याचा आवाज हवा होता! उगाच बिचाऱ्या मांजराला तुझ्या बहिणीकडे धाडलंस!”

बाहेर एकदम सगळं चिडीचूप झालं. हमालांचा श्वाससुद्धा ऐकू येईना. आवाजरावांना वाटलं, पटलं! आता कडी निघणार!

“उचला,” बायको म्हणाली.

मग कपाट जिना उतरलं, आवाजरावांच्या डोक्याने एकेक पायरी मोजत. मग ते हातगाडीवर चढलं. रस्ताभर आवाजराव ओरडत होते आणि हमाल भेटेल त्याला समजावत होते, “काही नाही, यंत्र आहे, यंत्र!” सिग्नलला एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, “बघा, किती खरं वाटतं. नाहीतर आपला रेडिओ.”

सुताराच्या दुकानात कपाट उभं राहिलं. सुतार म्हणजे दाराएवढा माणूस, मिशा रंध्याने तासल्यासारख्या. त्याने दोर सोडला, कडी काढली, आणि आतून भुश्शाच्या ढिगात उलटेपालटे आवाजराव कोसळले. केस उभे, डोळे लाल, तोंडातून नुसतंच “उ... घ... ड...”

सुताराने किंकाळी फोडली आणि एका उडीत टेबलावर चढला. आवाजराव पडल्या पडल्याच हसले. रेकॉर्डर अजून चालू होता! त्यांची स्वतःची किंकाळी होती, सुताराची होती, दोन्ही अगदी अस्सल. अंगावरचा भुसा न झटकता ते स्टुडिओकडे धावत सुटले.

दिग्दर्शक भोंग्याला फोन लावायच्याच बेतात होता. आवाजरावांनी रेकॉर्डर यंत्राला जोडला आणि छातीवर हात बांधून उभे राहिले.

“हा कोण ओरडतोय?”

“मी. कपाटात कोंडलो होतो!”

“फारच खोटं वाटतंय.”

“अहो, मरत होतो मी खरोखर!”

“मरताना अभिनय करू नये,” दिग्दर्शक म्हणाला. सुताराची किंकाळी ऐकून तर तो खदखदून हसला. “ही काय शिट्टी आहे का कुकरची? जाऊ द्या आवाजराव, मी भोंग्यालाच...”

“थांबा, थांबा! एकदा पहिल्यापासून ऐका!” आवाजरावांनी अक्षरशः हात जोडले. दिग्दर्शकाने तोंड वाकडं करत टेप मागे नेली. ओरडणं झालं, बडवणं झालं, फुलदाणी झाली. मग ती शांतता आली. आणि त्या शांततेतून अगदी गोड, अगदी थंड आवाजात आलं, “उचला.”

दिग्दर्शकाच्या हातातला फोन खाली पडला.

“बाप रे!” तो कुजबुजला. “अंगावर काटा आला माझ्या! माणूस आतून जीव तोडून हाका मारतोय, आणि हिला सगळं ऐकू जातंय... कोण आहे ही बाई?”

“आमची... मंडळी.”

“ताबडतोब बोलवा! किंकाळी गेली खड्ड्यात. नायिका ओरडणारच नाही आता. भूतच बोलेल, एवढंच!”

तर काम भोंग्याकडे गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी आवाजरावांची बायको माइकसमोर उभी राहिली आणि पहिल्याच फटक्यात असं काही “उचला” म्हणाली, की काचेपलीकडच्या माणसाने उठून दिवे लावले.

“पण तुला खरंच ठाऊक नव्हतं ना, की आत मीच आहे?” आवाजरावांनी हळूच विचारलं.

ती उत्तर देणार, एवढ्यात दिग्दर्शक पुढे आला. “वहिनी, कमाल केलीत! हा आवाज लावताना मनात आणता तरी काय?”

“काही आणावं नाही लागत,” बायको म्हणाली. “यांच्याकडे बघून म्हणते.”