उचकीचं पेटंट

उचकी लागल्यावर आठवण काढणाऱ्याचं नाव घेऊन ती थांबवायच्या पद्धतीचं पेटंट हक्कधारा प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीकडे आहे. कंपनी काहीही बनवत नाही. तिला कारखाना नाही, कामगार नाहीत. वकील आहेत. ही पद्धत तुम्ही शोधली का, असं विचारलं तर वकील सांगतात, शोधणं हा वेगळा विषय आहे, नोंदणी आम्ही केली.

वेंगुर्ल्यातल्या बहुतेक घरांनी निमूट परवाना घेतला. उरलेले उचकी लागली की पाणी पितात. शेवंतीकाकी कोचरेकर यांनी दोन्ही नाकारलं. रेशनच्या रांगेत, कंपनीच्या निरीक्षकासमोर, त्यांनी मुलाचं नाव घेऊन उचकी थांबवली. कंपनीने खटला भरला.

मुलगा दिगंबर मालवाहू जहाजावर खलाशी. खटला उभा राहीपर्यंत त्याचं जहाज वादळात बेपत्ता झालं होतं. तो गेला असं समजा, असं मालकांनी कळवलं. काकींनी तसं समजायला नकार दिला. पण वादळानंतर त्यांना एकदाही उचकी लागली नव्हती, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ती लागली सुनावणीतच.

कंपनीचे वकील निमकर यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. काकींनी तो परत सरकवला. त्यांनी आधी गोव्यातल्या बहिणीचं नाव घेतलं. उचकी चालूच. चुकीचं नाव घेतल्याने पेटंटचा भंग होत नाही, म्हणून निमकर बसून राहिले. मग काकींनी टेबलाची कड धरली. आता एकच नाव उरलं होतं. निमकरांनी उठून ताकीद दिली, परवाना नसेल तर नाव घेऊ नका.

"माझ्या झिलाचा नाव घेऊक तुमची परवानगी कित्याक?" काकी म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "दिगू."

न्यायाधीश हुद्दार मॅडमनी लेखणी खाली ठेवली. सगळे थांबले. पुढची उचकी आली नाही.

निमकर म्हणाले, भंग झाला, पद्धत यशस्वीपणे वापरली गेली.

"यशस्वीपणे म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे दिगंबर कोचरेकर यांनी आईची आठवण काढली."

"कधी?"

"आत्ता."

"म्हणजे ते जिवंत आहेत."

निमकरांनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. नाही म्हटलं तर खटला बुडत होता.

"कंपनीचं तेच म्हणणं आहे," ते म्हणाले.

न्यायालयाने ते मान्य केलं. दिगंबर जिवंत असल्याचं आणि काकी दोषी असल्याचं एकाच वाक्यात जाहीर झालं. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसभर तिथल्याच बाकावर बसून राहायचं. काकी पदर सावरून बसल्या.

दुपारी त्यांना पुन्हा उचकी लागली. त्यांनी मुलाचं नाव घेतलं, या वेळी बाहेरच्या आवारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. निमकर नव्या खटल्याचे कागद काढू लागले, आणि काकी बाकावर थोड्या सरकून म्हणाल्या, इथे बसून लिहा, उजेड चांगला आहे.