म्हात्रे आणि तीन ठिपके

आमच्या ऑफिसातले म्हात्रे संगणकाला तोंडावर शिव्या देतात. निमित्त एकच. प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते बघायला गेलं, की डीबगर, म्हणजे चूक शोधायला आतलं दाखवणारं साधन, तारखेच्या जागी तेरा आकडी नंबर दाखवतो आणि मालाच्या यादीच्या जागी नुसते तीन ठिपके.

"हा काय, ताई? लग्नात वाढपी झाकलेला टोप दाखवून पुढं जातो का? दिसला पायजे ना!"

म्हात्रे बदलापूरजवळच्या चामटोलीचे. ऑफिस उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, कापडाच्या दुकानावर; आम्ही व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. बाकीचे चूक शोधतात, म्हात्रे आधी ती नीट दिसायची सोय करतात. त्यांच्या डीबगरात तारीख वारासकट दिसते, कापडाचा रंग रंगीत चौकोनात दिसतो. रिकाम्या जागेचे तर त्यांनी तीन प्रकार केलेत : 'रिकामं', 'विचारलंच नाही' आणि 'माहीत नाही'. आमचे सिंधी मालक वैतागतात, "अरे साईं, खाली मतलब खाली!" पण म्हात्रे ऐकतील तर शपथ.

मागच्या महिन्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला ते मला घेऊन गेले, शुद्धलेखन बघायला. आगरी पत्रिका म्हणजे अख्खं गाव! काका-मामांच्या नावांनीच कागद भरला. छापखानेवाला त्यांच्याच गावचा, तो एका नावाशी अडला. दत्ता, म्हात्रेंचा धाकटा भाऊ. भांडून घरातून गेला त्याला नऊ वर्षं झाली. फोन नाही, ठावठिकाणा नाही.

"याच्यापुढे 'कैलासवासी' टाकू, की नावच काढू? मांडवात लोक उगाच विचारतील."

म्हात्रे ताडकन उठले. आता शिव्या, असं मला वाटलं.

"मेला नाय तो," ते एवढंच म्हणाले. "आन मी त्याला टाकला पण नाय. काकांच्या ओळीत पयला टाक."

बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "भांडान मीच काढलता, ताई."

पत्रिका छापून आल्या. पहिली गावदेवीपुढे ठेवायची म्हणून त्यांनी बाजूला काढली. दुसरी पाकिटात घातली, वर दत्ताचं नाव लिहिलं आणि पेन हातात धरून बसून राहिले. नावाखाली पत्त्याची जागा कोरीच होती.

"ताई," ते हळूच म्हणाले, "ही कुठं पाठवू?"