करवतीने खाल्लेला गुण

मुलगी अंघोळीला गेली होती, तेवढ्या पाच मिनिटांत सुताराने तिच्या भविष्यावर रबर फिरवलं.

खरं तर त्याला फक्त सही करायची होती. उच्च गणित कोणाला द्यायचं हे ठरवायला शाळेने घरी सोडवायची चाचणी दिली होती. पंचवीस गुण, कोणाची मदत घ्यायची नाही, खाली पालकांची सही. वीस मिळाले तर पुढची दोन वर्षं उच्च गणित, नाहीतर साधं. मुलीला पूल बांधायचे होते, आणि उच्च गणित नसेल तर विद्यापीठात त्या शाखेचे लोक अर्ज वाचतसुद्धा नाहीत, हे तिने घरात इतक्यांदा सांगितलं होतं की आईलाही ते पाठ झालं होतं.

सही करता करता सुताराची नजर पहिल्या प्रश्नावर गेली. बाकीचा पेपर त्याच्या डोक्यावरून गेला, पण हा प्रश्न घरचाच निघाला. दोनशे चाळीस सेंटिमीटरच्या फळीतून तीस सेंटिमीटरचे किती तुकडे निघतील? मुलीने पेन्सिलीने लिहिलं होतं, आठ. सुतार गालातल्या गालात हसला. पोरगी हुशार, पण करवत कधी हातात धरलेली नाही. दर कापाला तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. सात काप म्हणजे दोन सेंटिमीटर गेले, आठवा तुकडा तोकडा. तोकडा तुकडा कुठलं गिऱ्हाईक घेणार? त्याने आठ खोडून सात लिहिलं, सही ठोकली आणि लेकीसाठी काहीतरी केल्याच्या समाधानात चहा प्यायला.

चार दिवसांनी मुलगी पडलेल्या चेहऱ्याने घरी आली. एकोणीस गुण.

"एका गुणाने गेलं," ती म्हणाली. "आणि हे सात कोणी लिहिलं?"

"मी." सुताराच्या आवाजात अजून थोडी ऐट होती. "आठ कसे निघतील? करवतीत जातं ते कोण मोजणार?"

"बाबा, तो गणिताचा प्रश्न होता!"

"फळीचा होता."

"घरातलं कपाटाचं दार दोन वर्षं लोंबतंय, ते नाही दिसलं," आई आतून म्हणाली. "पेपर बरा दिसला दुरुस्त करायला!"

मुलगी रडली असती तर सुताराला परवडलं असतं. ती रडली नाही. तिने पेपराची नीट घडी घातली आणि म्हणाली, "जाऊ दे बाबा. साधं गणितही काही वाईट नसतं." त्या समजूतदारपणामुळे सुतार भरल्या ताटावरून उठला.

प्रवेशाची यादी दुसऱ्या दिवशी बंद होणार होती. गप्प बसावं तर गुण गेलाच. कबूल करावं तर मदत घेतली म्हणून पेपरच बाद. इथेच घोडं पेंड खात होतं. शेवटी सुताराने विचार केला, आपलं उत्तर बरोबर आहे हे दाखवून दिलं की गुण परत मिळेल, मग ते कोणी का लिहिलेलं असेना. सकाळी तो मोजून दोनशे चाळीस सेंटिमीटरची फळी खांद्यावर आणि करवत काखेत घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला.

"काय काम आहे?" पहारेकऱ्याने विचारलं.

"गणिताच्या बाईंना भेटायचंय."

पहारेकऱ्याने करवतीकडे पाहिलं आणि आत फोन केला. त्यामुळे जिन्याच्या वळणावर दोनदा अडकलेली फळी घेऊन सुतार शिक्षकांच्या खोलीत पोचला, तेव्हा बाई टेबलाच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. सुताराने नमस्कार केला, दोन खुर्च्यांवर फळी टेकवली आणि कापायला लागला. तपासायच्या वह्यांवर भुसा उडाला. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी जमली. त्यांत त्याची मुलगीही होती, आणि तिला जमीन दुभंगली तर हवी होती.

सातवा काप झाला. बाईंनी पट्टी घेऊन शेवटचा तुकडा स्वतः मोजला. मग पुन्हा मोजला.

"बरोबर आहे तुमचं," त्या सावकाश म्हणाल्या. "तीस वर्षं हा प्रश्न घालतेय मी. सगळ्यात सोपा म्हणून."

"मग गुण?"

"पण उत्तर तुमचं आहे ना? म्हणजे मदत घेतली. पेपर बाद करावा लागेल."

सुतार आगीतून फुफाट्यात पडला. "बाई, तिला ठाऊक नव्हतं हो. शिक्षा मला करा," तो म्हणाला.

"बाई," मुलगी दारातून म्हणाली, "मला दुसरा पेपर द्या. आत्ता. इथेच."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि कपाटातून दुसरा पेपर काढला. तासभर मुलगी कोपऱ्यातल्या टेबलाशी लिहीत होती आणि सुतार मिळेल त्या फडक्याने भुसा पुसत होता. तिच्या दिशेला मात्र त्याने मान वर करून पाहिलं नाही. कुठल्या ओळीवर नजर पडली असती तर त्याला स्वतःचाच भरवसा नव्हता.

तेवीस आले. बाईंनी यादीत नाव घातलं आणि सुतारापुढे एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'मी यापुढे मुलीच्या गणितात हात घालणार नाही.'

सुताराने तो दोनदा वाचला. "किती दिवस?"

"इथे दोन वर्षं. पुढे विद्यापीठात ती एकटीच असणार आहे."

हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं. पूल बांधायला निघालेली पोरगी घरात बसून पूल बांधणार नव्हती. त्याने पेन हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि सही केली.

शाळा सुटल्यावर दोघं चालत निघाले. फळीचे तुकडे निम्मे त्याच्याकडे, निम्मे तिच्याकडे.

"शेवटचा प्रश्न काय होता गं?" त्याने विचारलं.

"बाबा, आत्ता सही केलीत ना?"

"हात घालणार नाही असं लिहिलंय. ऐकायला कुठे बंदी आहे?"

मग ती सांगत राहिली आणि तो घर येईपर्यंत मान डोलावत राहिला. त्याला त्यातलं अवाक्षरही कळलं नाही, तरी घराजवळच्या वळणावर तो मुद्दाम लांबच्या रस्त्याला वळला.