खोंगोरचे केस आणि माझी अक्कल

त्या सकाळी मी एवढंच ठरवलं की लेकीच्या डोक्यात एकदा बघायचं. बघून गप्प बसले असते, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

त्याचं कारण आमची गाय, खोंगोर. ऐन थंडीत तिच्या मानेवरचे, खांद्यावरचे केस गळून तळहाताएवढे टक्कलाचे डाग पडले होते. दिवसभर कुंपणाला अंग घासायची. खांब हलायचे. आणि त्याच आठवड्यात माझी चार वर्षांची खुलान डोकं खाजवायला लागली.

"अहो, गाईचं पोरीला लागलं!" मी नवऱ्याला म्हटलं.

"गुरांच्या डॉक्टरबाई परवा येतायत. तोवर दम धर," चुलून म्हणाला आणि मेंढरं घेऊन गेला.

(दम धरणं मी शिकले त्या सातवीपर्यंत तरी शिकवत नाहीत. पुढे शिकवत असतील.)

मी मेंढ्यांची कातर घेतली आणि पोरीचं डोकं साफ भादरलं. भीतीच्या भरात केस चुलीत टाकले. चुलीत केस टाकू नयेत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. वास सुटला, तेव्हा कुठे मला दुसरी गोष्ट आठवली.

खुलानच्या केसांना जन्मापासून कात्री लागलेली नव्हती. मुलीचे पहिले केस दुसऱ्या नाहीतर चौथ्या वर्षी कापायचे, पहिली बट घरातल्या वडीलधाऱ्याने. दुसऱ्या वर्षी माझे सासरे, आमचे बाबा, इस्पितळात होते. यंदा इस्पितळाने त्यांना घरी पाठवलं होतं, आता आमच्याकडे औषध नाही म्हणून. शेजारच्या तंबूत ते पडून असायचे. उशाखाली निळ्या रेशमात बांधलेली कात्री. "नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवसापर्यंत मी टिकतो बघ," म्हणायचे.

केस कापायला ठरवलेला तो तिसरा दिवस चार दिवसांवर आला होता.

डॉक्टरबाई आल्या. गाईचे केस विंचरून बघत म्हणाल्या, "उवा आहेत. थंडीत होतंच. पाठीवर औषध ओतते."

"आणि पोरीला?"

"अगं, गाईची ऊ माणसाच्या डोक्यावर उपाशी मरते!" त्यांनी खुलानची टोपी उलटी केली. "उंटाच्या केसांची? अस्तर न लावता? मग खाजणारच! कुणी विणली ही?"

विणली होती मीच. मी गाईकडे बघितलं. गाय कसली माझं नाव घेते!

मी टोपीला अस्तर लावलं आणि पुढचे दोन दिवस ती पोरीच्या डोक्यावरून काढली नाही. झोपेतसुद्धा.

नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी चुलूनने बाबांना उचलून आमच्या तंबूत आणलं. केवढे हलके झाले होते. त्यांनी कात्री सोडवली आणि खुलानची टोपी काढली.



"आजोबा, मी कोकरू झाले," खुलान म्हणाली.

"केस कुठायत?"

"चुलीत," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

बाबा हसले. हसता हसता खोकले, खूप वेळ. मग म्हणाले, "ज्याला अजून अक्कल आली नाही त्याचे पहिले केस कापायचे, अशी रीत आहे. इथं तसं एकच माणूस दिसतंय. बस खाली, सूनबाई."

मी बसले. त्यांचा हात इतका थरथरत होता की बट कापायला गेले आणि कानावरचा निम्मा झुबका गेला. पण आशीर्वाद पूर्ण दिला. बट कापणाऱ्याने द्यायची भेट म्हणून खोंगोरचं वासरू मात्र खुलानला दिलं. "सूनबाईला दिलं तर त्यालाही भादरेल," म्हणाले.

नदीवरचा बर्फ फुटायच्या आत बाबा गेले.

वसंतात खोंगोरला नवे केस आले. खुलानलाही आले, बोटभर. माझ्या कानावरचे वाढू लागले की मीच कापते. का ते विचारू नका.

परवा डॉक्टरबाई गाय तपासायला आल्या होत्या. गाईच्या मानेवरून हात फिरवला, "ही बरी झाली" म्हणाल्या. मग माझ्या कानाकडे बघून चुलूनला हळूच विचारलं,

"औषध थोडं उरलंय. ही पण कुंपणाला घासते का हो?"