सोलून निघणारी खळ

माझा शोध शंभर टक्के यशस्वी झाला होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे काही झालं त्यात शोधाचा काडीचाही दोष नाही. दोष माझ्या अक्षराचा!

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. मी डिलाईल रोडच्या चाळीत राहायचो आणि गिरणीच्या रंगखात्यात केमिस्टच्या हाताखाली काम करायचो. एका शुक्रवारी ढेकणांच्या विषारी पावडरीचा डबा माझ्याच हातून दाराशी, गॅलरीत सांडला. आमची बेबी नुकती रांगायला लागली होती. दिसेल ते तोंडात घालायची!

"झाडून टाकते," उर्मिला म्हणाली.

"खबरदार! उडून सगळ्यांच्या नाकातोंडात जाईल."

"मग धुते."

"आणि ते पाणी खालच्यांच्या पिंपात?"

"मग काय, चाटून काढायची?"

मी नुसता हसलो. माझा बेत तयार होता. विषावर हलक्या हातानं लेप द्यायचा, वाळू द्यायचा आणि केळं सोलावं तसा विषासकट उचलायचा! गिरणीत सुताला लावतात ती खळ, त्यात ग्लिसरीन आणि बेतानं एरंडेल. तेजाब नाही, रॉकेल नाही.

"अगं, नुसता लेप खाल्लास तरी बाधणार नाही!"

"आधी तुम्ही खा."

मी लेप शिजवला, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात भरला आणि गॅलरीत निवत ठेवला. कुणी भलतंच समजू नये म्हणून डब्यावर खडूनं ठळक लिहिलं, 'खळ'. सांडलेल्या पावडरीवर पाट उपडा घातला आणि निश्चिंत झालो.

शेजारच्या खोलीत कुशाबा राहायचा. आमच्याच गिरणीत सांचे, म्हणजे माग, चालवायचा. वर्षभर तो पाटी घेऊन माझ्याकडे अक्षरं शिकायला येत होता. शनिवारी संध्याकाळच्या सभेत त्याला पाच मिनिटं बोलायला दिली होती आणि पोस्टरवर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात त्याचं नाव छापलं होतं. सभेचं मैदान आयत्या वेळी बदललेलं. लोकांना ते कळणार फक्त पोस्टरांवरून, आणि ती चिकटवायचं काम कुशाबाकडे.

"मनमोहनराव, ह्या बघा! कु... शा... बा! माझा नाव!" सगळ्या गॅलरीला त्यानं ते तीनदा वाचून दाखवलं. एक पोस्टर उर्मिलेच्या हातात दिलं. "वहिनी, जपून ठेवा." तिनं ते गुंडाळून खिडकीत ठेवलं.

त्याची बायको रखमा हिनं मैद्याची खळ केली, कसर लागू नये म्हणून निळं मोरचूद घातलं, आणि निवायला ठेवली. तीही तुपाच्याच डब्यात. माझ्या डब्याशेजारी. त्या डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

पहाटे कुशाबा उठला आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी वाचलं. वाचलं आणि तो डबा उचलून गेला.

सकाळी मी उरलेला डबा उघडला. वर अक्षर दिसेना; म्हटलं, खडू पुसला गेला असेल. लेप निळसर दिसला. म्हटलं, निवताना रंग पालटला असेल, शास्त्रात असं होतं! जमिनीवर फासला. उचलायला सोपं जावं म्हणून खिडकीतला एक गुंडाळलेला कागद उलगडून वर दाबला. तो कागद कोणता, हे बघितलंसुद्धा नाही.

दहा वाजता गॅलरी जमवली. कडेला नख घातलं. हलेना. सुरी घातली. सुरी वाकली!

"साल कुठाय?" उर्मिलेनं विचारलं.

"येईल, येईल!"

रखमा वाकून बघायला लागली. "अगो बाई! ही तर माझी खळ, मोरचुदाची! आणि हो त्येंचोच कागद!"

म्हणजे कुशाबानं माझा लेप नेला होता! मी अनवाणी धावत सुटलो.

लालबागपर्यंतच्या भिंतींवर ऊन आलं होतं. पोस्टरं कडेनं उचलत होती आणि अख्खीच्या अख्खी, न फाटता, खाली येत होती. सोबत वर्षानुवर्षांची काजळीही येत होती! एवढ्या स्वच्छ भिंती मी लालबागला कधी पाहिल्या नव्हत्या. एका भिंतीखाली कुशाबा दोन्ही तळव्यांनी एक पोस्टर दाबून उभा होता. हात काढला की पोस्टर खाली.

"डब्यार 'खळ' लिवलेला व्हता," तो हळूच म्हणाला. "मी वाचून घेतलंय."



लोक जुन्या मैदानावर गेले. नव्या मैदानावर कुशाबा अकरा माणसांसमोर बोलला. त्यातले चार आम्ही: मी, उर्मिला, रखमा आणि बेबी. फार चांगला बोलला. बेबीनंही टाळ्या वाजवल्या. मला मान वर करवेना.

तो मला एका शब्दानं बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फक्त सोमवारी पाटी घेऊन आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे महाराष्ट्र झाला. माझ्या दारातलं पोस्टर मात्र तसंच, विष खाली दाबून. चाळीतली माणसं त्यावर पाय पडू नये म्हणून उडी मारून जायची. एका महाराष्ट्र दिनाला कुशाबानं गावचे पाहुणे आणले, उकिडवा बसला आणि बोट ठेवून दाखवलं, "कु... शा... बा."

मी संधी साधली. "कुशाबा, हे तुला अख्खं सोलून देतो. माझ्याकडे एक लेप आहे..."

त्यानं दोन्ही हात पोस्टरवर पसरले. "मनमोहनराव, पाया पडतंय. तुमी ह्येका हात लावू नकात!"

दुसऱ्या दिवशी पोस्टरच्या वर, भिंतीवर, खडूनं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'हात लाऊ नये'.

'लावू' चुकलं होतं. खडू माझ्या खिशातच होता. पण दुरुस्त करायला मी आता त्याचा मास्तर थोडाच राहिलो होतो!